परराष्ट्र धोरण आणि आपल्या मुलांचं कॉलेज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावीचा आणि ‘नीट’चा निकाल लागला की विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत घराघरांत तेच प्रश्न सुरू होतात. जवळचं कॉलेज घ्यायचं की नवी मुंबईत येणाऱ्या परदेशी विद्यापीठासाठी थांबायचं? मेडिकलला गुण कमी पडले तर मुलाला बाहेर पाठवायचं का? कर्ज मिळेल का? परत आल्यावर पदवी चालेल का? उत्तरं मिळतात ती नातेवाइकांकडून, एजंटकडून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून. त्यातली बरीच माहिती जुनी किंवा अर्धवट असते, आणि तिच्या भरवशावर माणसं आयुष्यभराची पुंजी लावतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात वारंवार कानावर येणारे आठ समज म्हणूनच तपासून पाहायला हवेत.

गैरसमज १ : परराष्ट्र धोरण हा दिल्लीचा विषय. आमच्या कॉलेजशी त्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती : उल्हासनगर हे शहरच दोन देशांमधल्या निर्णयातून उभं राहिलं. १९४७च्या फाळणीत पंजाब आणि बंगाल विभागले गेले, पण सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. तिथून आलेल्या सिंधी हिंदूंसाठी सरकारने कल्याणजवळची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी खुली केली. बराकींमध्ये सुमारे एक लाख निर्वासितांनी संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं.

शिक्षणाचा धागाही इथेच सापडतो. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, आणि एप्रिल १९४७ मध्ये सिंध विद्यापीठ स्थापन होईपर्यंत तिथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. कराचीत किंवा सिंधमधल्या हैदराबादेत त्याआधी शिकलेला पदवीधर निर्वासित म्हणून इथे आला, तेव्हा त्याच्याकडे मुंबई विद्यापीठाचीच पदवी होती. हैदराबादच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज सुरू केलं. त्यांच्याच हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने १९६५ मध्ये उल्हासनगरात चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज काढलं, तेच आपलं सीएचएम. सीमेपलीकडे बंद झालेलं दार इथे संस्था उभारून उघडलं गेलं. त्यातून आज मराठी, सिंधी, हिंदी, सगळ्या घरांतली मुलं आत जातात.

गैरसमज २ : पाकिस्तानातली पदवी आता भारतात कुणाचीच चालत नाही.

वस्तुस्थिती : विद्यापीठ अनुदान आयोग आणि तंत्रशिक्षण परिषद यांनी एप्रिल २०२२ मध्ये संयुक्त सूचना काढली. भारतीय नागरिक किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारक शिकण्यासाठी पाकिस्तानात गेला, तर त्या पदवीवर त्याला भारतात नोकरी किंवा पुढचा प्रवेश मिळणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. लोकांनी एवढंच वाक्य लक्षात ठेवलं. त्याच सूचनेत अपवादही आहे. पाकिस्तानात पदवी घेऊन इथे स्थलांतरित झालेली आणि नंतर भारताचं नागरिकत्व मिळालेली व्यक्ती, तसंच तिची मुलं, गृह मंत्रालयाच्या सुरक्षा मंजुरीनंतर त्या पदवीवर नोकरीसाठी पात्र ठरू शकतात.

डॉक्टरांसाठी स्वतंत्र वाट निघाली. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आलेल्या अल्पसंख्याक समाजातल्या डॉक्टरांकडून अर्ज मागवले. पात्र अर्जदारांना परीक्षा देऊन कायम नोंदणीची संधी देऊ केली. उल्हासनगरात आलेल्या कुटुंबांसाठी असा अपवाद म्हणजे घरातल्या शिकलेल्या माणसाला पुन्हा स्वतःच्या पेशात उभं राहण्याची शक्यता. त्यामुळे ‘चालत नाही’ हे ऐकून कुणी प्रमाणपत्रं बासनात गुंडाळून ठेवू नयेत.

गैरसमज ३ : मूल उल्हासनगरात जन्मलं म्हणजे ते आपोआप भारतीय नागरिक.

वस्तुस्थिती : ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे दोन्ही पालक भारतीय हवेत. एकच पालक भारतीय असेल, तर दुसरा बेकायदा स्थलांतरित असता कामा नये. म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या पाकिस्तानी जोडप्याचं मूल इथल्या शाळेत शिकलं तरी कागदावर भारतीय नसतं. अशा व्हिसावरच्या मुलांना शाळा-कॉलेजात प्रवेश घेता येतो, पण परदेशी नागरिकाच्या अटी लागू होतात. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या जागेसाठी भारतीय नागरिकत्व आणि अधिवास लागतो. खरी अडचण तिथे येते, आणि ती बारावीनंतर लक्षात येते.

नागरिकत्व दुरुस्ती कायदा २०१९चा, त्याचे नियम मार्च २०२४चे. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातल्या सहा अल्पसंख्याक धर्मांच्या ज्या व्यक्ती ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आल्या, त्यांच्यासाठी वास्तव्याची अट पाच वर्षांवर आणली गेली. गृह मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२५च्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे, पण तो आदेश पासपोर्ट-व्हिसाच्या त्रुटींबद्दलच्या कारवाईतून सूट देतो. नागरिकत्वाची मुदत त्याने पुढे गेलेली नाही. ज्यांच्या घरात मूल आठवी-नववीत आहे, त्यांनी अर्जाचं काम आत्ताच हाती घ्यावं.

गैरसमज ४ : सिंधी अल्पसंख्याक कॉलेजात इतरांना जागा नाही.

वस्तुस्थिती : सिंधी भाषेला स्वतःचं राज्य उरलं नाही, म्हणून १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००२च्या टी.एम.ए. पै खटल्यात स्पष्ट केलं की कोण भाषिक अल्पसंख्याक हे राज्यागणिक ठरतं. त्यामुळे महाराष्ट्रात सिंधी संस्थांना आपल्या समाजासाठी जागा राखता येतात. त्या वगळून उरलेल्या जागांवर कोणत्याही भाषेच्या विद्यार्थ्याला अर्ज करता येतो. मात्र घटनेच्या कलम १५(५) मधल्या आरक्षणाच्या तरतुदीतून अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत. आरक्षणाच्या भरवशावर असलेल्या विद्यार्थ्याने इतर कॉलेजांचे अर्जही भरून ठेवावेत.

गैरसमज ५ : अंबरनाथला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, म्हणजे आपल्या मुलांना राखीव जागा.

वस्तुस्थिती : ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात अंबरनाथचं एक आहे. एमबीबीएसच्या शंभर जागांचं हे कॉलेज म्हणजे या पट्ट्यासाठी मोठी गोष्ट. पण पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या राज्याच्या गुणवत्ता यादीने भरतात. अंबरनाथच्या किंवा ठाणे जिल्ह्याच्या मुलांसाठी वेगळा कोटा नाही. पूर्वी विभागवार सत्तर-तीस पद्धत होती, तीही राज्याने २०२० मध्ये रद्द केली. गडचिरोलीची मुलगी अंबरनाथला येऊ शकते आणि बदलापूरचा मुलगा हिंगोलीला जाऊ शकतो. राज्यात सरकारी जागा वाढल्या की सरकारी फीमध्ये डॉक्टर होण्याची शक्यता सगळ्यांचीच वाढते. आपल्या मुलांना मिळणारा खरा फायदा तोच आहे.

गैरसमज ६ : परदेशात एमबीबीएस करून इथली एक परीक्षा दिली की डॉक्टर.

वस्तुस्थिती : या समजाने सर्वांत जास्त घरं अडचणीत आणली आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, इंग्रजीतून हवा, आणि सगळं शिक्षण आणि बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत व्हायला हवी. त्या पदवीवर त्या देशातही डॉक्टर म्हणून नोंदणी मिळायला हवी. जाण्यापूर्वी ‘नीट’मध्ये पात्र ठरणं बंधनकारक आहे. परत आल्यावर पात्रता परीक्षेत ३०० पैकी १५० गुण मिळवायचे आणि भारतात पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप करायची. यातली एक अट चुकली तरी नोंदणी अडते.

देशांमधले संबंध बिघडले की काय होतं, हे युक्रेनने दाखवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ‘ऑपरेशन गंगा’तून हजारो भारतीय विद्यार्थी परत आणले गेले. महाराष्ट्रातलेही त्यात होते. इथल्या कॉलेजांत त्यांना सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नव्हती. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जाऊन शिक्षण पूर्ण करण्याची मुभा दिली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भारतात अंतिम परीक्षेच्या दोन संधी दिल्या. जीव वाचला, पण अनेकांची वर्षं आणि पैसे गेले. देश निवडताना फीइतकंच तिथल्या राजकीय स्थैर्याकडे पाहायला हवं, हा त्याचा धडा.

गैरसमज ७ : नवी मुंबईत परदेशी विद्यापीठं आली की आरक्षण आणि फीमाफी तिथेही मिळेल. शिवाय पदवीबरोबर परदेशातली नोकरी ठरलेली.

वस्तुस्थिती : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२३च्या नियमांमुळे जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेतली विद्यापीठं भारतात कॅम्पस काढू शकतात. जून २०२५ मध्ये मुंबईत ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची युरोपियन डिझाइन इन्स्टिट्यूट अशा पाच संस्थांना इरादापत्रं दिली गेली. इरादापत्र ही पहिली पायरी असते, प्रवेश सुरू झाल्याची घोषणा नव्हे. या नियमांत प्रवेशाचे निकष आणि फी ठरवण्याचा अधिकार त्या विद्यापीठाकडे आहे आणि आरक्षणाची सक्ती नाही. महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये मुलींना दिलेली व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीमाफी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक मागास, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांसाठी आहे. त्यातून खासगी विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोटा वगळलेला आहे. लोकलने जाऊन-येऊन परदेशी पदवी मिळेल ही गोष्ट आनंदाचीच, पण ती किती घरांना परवडेल हे शिष्यवृत्त्यांवर ठरेल. त्या मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

नोकरीचा निर्णय तर त्या त्या देशाचं सरकार करतं. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत नेण्याची मुभा काढून घेतली. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये विद्यार्थ्यांची जलद परवाना योजना बंद केली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. भारत आणि ब्रिटन यांनी जुलै २०२२ मध्ये परस्परांच्या पदव्या मान्य करण्याचा करार केला, पण डॉक्टर, नर्स, वकील, वास्तुविशारद अशा पेशांची नोंदणी त्यात येत नाही. करार पुढच्या शिक्षणाचा रस्ता मोकळा करतो, व्यवसायाचा परवाना देत नाही.

गैरसमज ८ : ‘पीएम विद्यालक्ष्मी’चं विनातारण कर्ज परदेशासाठीही मिळतं.

वस्तुस्थिती : ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेली ही योजना भारतातल्या निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांसाठी आहे. परदेशी शिक्षणाचं मोठं कर्ज हवं असेल, तर बँका सहसा तारण मागतात. आणि इथे आपला स्थानिक प्रश्न आडवा येतो. उल्हासनगरातली बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता. ज्या घराची सनद आणि परवानगीचे कागद स्वच्छ नाहीत, ते घर बँक तारण म्हणून घेताना हात आखडता घेते. बांधकाम नियमित होण्यात दिरंगाई झाली, की त्या घरातल्या मुलीचा परदेशी प्रवेश हातचा जातो. नगरविकासाचं धोरणही असं शिक्षणाच्या संधीवर येऊन ठेपतं.

सरकारी शिष्यवृत्तीची वाट मात्र खुली आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी वर्षाला १२५ जणांना मिळते. त्यात बहुतांश जागा अनुसूचित जातींच्या, थोड्या भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांच्या. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. एका संस्थानाच्या एका निर्णयाने काय घडतं हे ज्या महाराष्ट्राने पाहिलं, त्याने दोनशे जागांवर समाधान मानू नये. या जागा वाढवण्याची मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लावून धरायला हवी.

वाचकांना एकच विनंती. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः तपासा : नियम कोणत्या तारखेचा आहे, तो कोणत्या सरकारी संस्थेने काढला आहे, आणि त्यातले अपवाद कोणते. वैद्यकीय शिक्षणासाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाचं, पदवीच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचं आणि नागरिकत्वासाठी गृह मंत्रालयाचं संकेतस्थळ पाहा. इंग्रजी वाचायला अडचण वाटली तर कॉलेजातल्या प्राध्यापकांना विचारा. एजंटचं बोलणं लेखी मागा, आणि तो लिहून देत नसेल तर त्याला पैसे देऊ नका.