कृपा आणि आज्ञापालन

तारण आज्ञापालनाने मिळते की केवळ देवाच्या कृपेने, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील जुना वाद आहे. माकडीला स्वतः बिलगणारे पिल्लू आणि मांजरीने तोंडात धरून नेलेले पिल्लू, या दृष्टांतांनी वैष्णव आचार्यांनीही असाच वाद घातला. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात मात्र हे दोन्ही पक्ष एकत्र येतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु मठातील भगिनींना अभिप्रेत असलेली निमूट आज्ञाधारकता त्यांना मानवली नाही. (त्यावरून त्यांना गर्विष्ठही ठरविण्यात आले!) पुढे काही वर्षांनी, आपण धर्म स्वीकारला पण ख्रिस्त दूरच राहिला, या जाणिवेने त्या सर्वस्वी कृपेवर विसंबल्या. म्हणून त्या स्वस्थ बसल्या काय? आईवडील दुष्काळात गमावलेल्या रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व विधवा आणून त्यांना आश्रय दिला. देव आधी स्वीकारतो, मग स्वीकारलेला मनुष्य त्याच्या आज्ञेत चालू लागतो. हा क्रम उलटला की सेवेचा सौदा होतो. केडगावच्या मुक्तिसदनात बायबलच्या मराठी भाषांतराचे त्यांचे काम १९२२ साली, आयुष्याच्या अखेरपर्यंत, चालू होते.