रुग्णालयातील रुग्ण आणि आम्लविरोधी औषधोपचार : एक विवेचन

प्रस्तावना :
जठरातील आम्ल वारंवार अन्ननलिकेत उलटल्याने छातीत जळजळ, आंबट ढेकर, गिळताना वेदना ही लक्षणे उद्भवतात. मात्र रुग्णालयात आम्लविरोधी औषधे केवळ या विकारासाठीच दिली जातात असे नाही. अन्य आजारांच्या रुग्णांनाही ती सवयीने दिली जातात. या वापराचे औचित्य तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

औषधांचे कार्य :
अँटासिडमुळे आधीच स्रवलेले आम्ल अल्पकाळ उदासीन होते. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले. ते हिस्टामिनचा संदेश अडवून आम्लस्राव घटविते. १९८८ मध्ये आलेल्या ओमेप्राझोलने त्यापुढचा टप्पा गाठला. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधे जठरपेशींतील 'प्रोटॉन पंप' बंद पाडतात. परंतु त्यांचा प्रभाव कार्यरत पंपांवरच पडतो व पंप अन्नामुळे कार्यरत होतात. म्हणून गोळी जेवणापूर्वी ३० ते ६० मिनिटे द्यावी लागते. अन्ननलिकेस व्रण असल्यास हा उपचार साधारणतः ८ आठवडे चालतो.

रुग्णालयातील वापर :
अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांच्या जठरात रक्तस्राव होऊ शकतो. कृत्रिम श्वसनयंत्रावरील ४,८२१ रुग्णांच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पँटोप्राझोल घेणाऱ्यांपैकी १ टक्का, तर न घेणाऱ्यांपैकी ३.५ टक्के रुग्णांना लक्षणीय रक्तस्राव झाला. मृत्युप्रमाणात मात्र उल्लेखनीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष सामान्य कक्षातील रुग्णांना सरसकट लागू करता येत नाही, कारण त्यांपैकी बहुतेकांना असा धोका अत्यल्प असतो.

शिवाय ही औषधे सर्वस्वी निर्धोक नाहीत. दीर्घकालीन वापराने रक्तातील मॅग्नेशियम घटू शकते. आतड्यांतील काही जंतुसंसर्गांशीही त्यांचा संबंध आढळला आहे. हृदयरुग्णांना दिल्या जाणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा परिणाम ओमेप्राझोलमुळे कमी होतो. अशा वेळी पँटोप्राझोल अधिक योग्य ठरते.

निष्कर्ष :
खरा प्रश्न रुग्ण घरी जाताना उद्भवतो. रुग्णालयात सुरू झालेली गोळी कारण संपल्यावरही डिस्चार्ज कार्डावर तशीच राहते व पुढे वर्षानुवर्षे घेतली जाते. दीर्घ वापरानंतर ती एकदम थांबविल्यास आम्लस्राव काही काळ उसळतो आणि रुग्णास मूळ आजारच बळावल्याचा भास होतो. याउलट, पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेल्या व ॲस्पिरिन किंवा वेदनाशामके घेणाऱ्या रुग्णाने ती परस्पर बंद करणे धोक्याचे असते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर औषधाच्या नावासोबत ते देण्याचे कारण आणि ते थांबविण्याचा अथवा फेरतपासणीचा दिनांक नोंदविणे आवश्यक आहे.