नांदेडची शाई आणि डी.एड.ची कॉलेजं

ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्या बोटांना शाई लागली. मतदानाच्या वेळी लावतात तशीच, सहज न पुसली जाणारी. एकच मूल सकाळी एका शाळेत आणि दुपारी दुसऱ्या शाळेत मोजलं जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस महसूल खात्यासकट सगळी सरकारी यंत्रणा वर्गावर्गांत जाऊन डोकी मोजत होती. 'पटपडताळणी' हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला.

या मोजणीची रंगीत तालीम आधी नांदेड जिल्ह्यात झाली होती. त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांची अशी तपासणी केली आणि हजेरीपटावर असलेली पण वर्गात कधीच न बसलेली मुलं लाखाहून अधिक निघाली. तोच प्रयोग मग राज्यभर झाला आणि राज्यातला बोगस पटही लाखांच्या घरात गेला. चर्चा झाली ती बोगस तुकड्यांची, लाटलेल्या अनुदानाची, खिचडीच्या तांदळाची. या शाईने आणखी एक धंदा बसणार आहे, हे त्या गदारोळात फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. तो धंदा होता प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या डी.एड. कॉलेजांचा.

त्या काळात डी.एड.चं वजन काय होतं, हे नांदेड-लातूरकडच्या चाळिशीतल्या कुणालाही विचारावं. शेती कोरडवाहू, कारखानदारी जेमतेम. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला की विशीतच जिल्हा परिषदेची नोकरी, हा हिशेब खेड्यातल्या बापाला चटकन पटायचा. २००० पासून राज्यात शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षं महिना तीन हजार मानधन आणि मग कायम. मानधन तुटपुंजं होतं, पण पुढची पस्तीस वर्षं आणि त्यानंतरची पेन्शन डोळ्यांपुढे असायची. बारावी सायन्सला चांगले मार्क पडलेली मुलंही इंजिनिअरिंग सोडून डी.एड.ला जात. मुलींच्या बाबतीत तर कॉलेज तालुक्याच्या गावीच असल्याने घरच्यांची हरकत नसे, आणि स्थळाच्या बायोडाटात 'डी.एड.' लिहिलेलं असलं की बोलणी वेगळ्या सुरात होत.

नोकरी मात्र गावाजवळ मिळेलच असं नव्हतं. मराठवाड्यातली कितीतरी पोरं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाण्याच्या डोंगराळ वाड्यांवर गुरुजी म्हणून रुजू झाली. तिकडच्या स्थानिक डी.एड.धारकांनी त्यावर आंदोलनं केली, तर इकडे 'आंतरजिल्हा बदली' ही घराघरातली कायमची चिंता होऊन बसली.

मागणी दिसली की संस्था उभ्या राहतात, आणि संस्था काढण्याची या भागाला जुनी सवय. पण पूर्वीची सवय वेगळी होती. हैदराबाद मुक्तिसंग्राम संपल्यावर १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नांदेड एज्युकेशन सोसायटीने पीपल्स कॉलेज काढलं. पुढे नरहर कुरुंदकर तिथे प्राचार्य झाले. लातूरला १९६१ मध्ये दयानंद आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झालं. ही कॉलेजं पुढे अनुदानावर स्थिरावली आणि प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून येऊ लागला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांचं दार उघडलं. लातूरचं बिडवे इंजिनिअरिंग आणि नांदेडचं एमजीएम त्याच लाटेतले. या नव्या व्यवस्थेत सरकार परवानगी देणार, खर्च मात्र मुलांच्या फीतून भागवायचा.

इंजिनिअरिंगला यंत्रशाळा लागते, वैद्यकीयला रुग्णालय. डी.एड.ला चार-सहा खोल्या, ग्रंथालय, मैदान आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, नियमाप्रमाणे काही लाखांच्या ठेवीची पावती एवढ्यावर भागायचं. तालुका पातळीवरच्या पुढाऱ्याच्या आवाक्यात बसणारं हे कॉलेज होतं. मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर, अहमदपूर, निलंगा अशा गावांच्या रस्त्यांवर 'अध्यापक विद्यालय' असे फलक दिसू लागले. राज्यातली संख्या हजाराच्या वर गेली. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेसाठी डोनेशन द्यायला लोक रान विकायलाही तयार असत.

२००८ मध्ये तर कहर झाला. एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीने महाराष्ट्रात आणखी २९१ डी.एड. संस्थांना मान्यता देण्याचा घाट घातला. राज्य सरकार आता पुरे म्हणत होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ मध्ये आयोगाचा अहवाल आला तेव्हा या संस्थांपैकी बहुतेक मान्यतेच्या लायकीच्या नसल्याचं उघड झालं. देशभरच्या शिक्षक-प्रशिक्षणाची झाडाझडती ज्या अहवालाने घेतली, त्याचं मूळ महाराष्ट्रातल्या या हावरेपणात आहे, हे फारसं सांगितलं जात नाही.

आता हिशेबाकडे येऊ. पन्नास मुलांची एक तुकडी, दोन वर्षांची मिळून शंभर मुलं. त्यांच्या फीतून प्राचार्य, अध्यापक, ग्रंथपाल, लिपिक, शिपाई यांचे पगार आणि इमारतीचा खर्च. राखीव प्रवर्गातल्या मुलांची फी शिष्यवृत्तीच्या रूपाने सरकारकडून येते आणि ती कधीच वेळेवर येत नाही. तुकडी भरलेली असेल तर हा गाडा चालतो. वीस मुलं आली तरी अध्यापक तेवढेच ठेवावे लागतात, कारण नियम तुकडीला लागू होतो. मग कात्री लागते ती पगाराला. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, ही विनाअनुदानित संस्थांमधली जुनी तक्रार आहे.

शिवाय हे एकाच गिऱ्हाईकावर चालणारं दुकान होतं. डी.एड. झालेल्या मुलाला नोकरी देणार कोण, तर जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळा, म्हणजे शेवटी सरकारच. डी.एड.ची पदविका घेऊन बँकेत किंवा कारखान्यात जाता येत नाही. पदवीही नसल्याने स्पर्धा परीक्षेचं दारही बंद.

पटपडताळणीने नेमका हाच धागा तुटला. बोगस मुलं पटावरून गेली, त्यांच्या तुकड्या गेल्या, त्या तुकड्यांवरचे शिक्षक 'अतिरिक्त' ठरले. या अतिरिक्तांचं समायोजन होईपर्यंत नवी भरती करायची नाही, असा आदेश २ मे २०१२ रोजी निघाला. त्याआधीची २०१० ची भरती ही त्या पिढीची शेवटची मोठी भरती ठरली. तीस मुलांमागे एक शिक्षक असं सांगणारा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला होता. त्यामुळे जागा वाढतील ही आशा होती, तीही पट घटल्यावर विरली. डिसेंबर २०१३ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली आणि पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण होणारे फारच थोडे निघाले. पदविका हातात असूनही शिक्षक होता येत नाही, ही बातमी गावोगाव पसरायला वेळ लागला नाही.

प्रवेश आटले. अर्जाची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, अध्यापकांवर गावोगाव फिरून मुलं आणण्याची पाळी आली. आधी दुसरी तुकडी बंद, मग पहिली, आणि शेवटी एनसीटीईकडे मान्यता काढून घेण्याचा अर्ज. काही वर्षांत राज्यातली संख्या निम्म्याच्याही खाली आली. संस्थाचालकाचं नुकसान मर्यादित राहिलं. इमारत आणि जागा त्याचीच, तिथे इंग्रजी शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज काढता आलं. एम.एड. करून तिथे शिकवणाऱ्या अध्यापकाला मात्र ना नुकसानभरपाई, ना समायोजन. अनुदानित शाळेत अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाला सरकार दुसरी शाळा शोधून देतं, विनाअनुदानित कॉलेजातल्याला कोणी विचारतही नाही. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला खरा अन्याय इथेच आहे, आणि त्यावर मोर्चेही फारसे निघाले नाहीत.

लातूर आणि नांदेडच्या पालकांनी मात्र आपला पैसा दुसरीकडे वळवला. बारावीच्या तयारीसाठी प्रसिद्ध 'लातूर पॅटर्न' आधीपासून होताच, पुढे त्याचा रोख वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेकडे गेला. दोन्ही शहरांत क्लास, होस्टेल, मेस यांची वस्तीच्या वस्ती उभी राहिली. जो बाप पूर्वी डी.एड.च्या डोनेशनसाठी रान विकायचा, तो आता दोन वर्षांच्या क्लाससाठी कर्ज काढतो.

संस्थाचालकांची नजर फार्मसीवर पडली. या कॉलेजांचं पीक बेसुमार वाढतंय म्हणून भारतीय औषधनिर्माण परिषदेने २०१९ मध्ये नव्या कॉलेजांना पाच वर्षांची बंदी घातली. ती उच्च न्यायालयांत टिकली नाही आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती रद्दच ठरवली. त्यानंतर महाराष्ट्रात डी.फार्म. आणि बी.फार्म. कॉलेजांची रांग लागली आणि दोन-तीन वर्षांत रिकाम्या जागांच्या बातम्याही सुरू झाल्या.

डी.एड.च्या उरलेल्या कॉलेजांना मध्येच थोडी हवा मिळाली. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, प्राथमिकची पदविकाच हवी, असा निकाल दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून सुमारे अकरा हजार शिक्षकांच्या नियुक्तीची शिफारस झाली. चौकशीला मुलं पुन्हा येऊ लागली. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी असणार आहे, आणि ती बहुविद्याशाखीय महाविद्यालयातच द्यायची आहे. मुखेडच्या किंवा निलंग्याच्या रस्त्यावरचं चार खोल्यांचं अध्यापक विद्यालय त्या अटीत बसत नाही. शेजारच्या कला-वाणिज्य कॉलेजात विलीन व्हायचं की ठेवीची पावती मोडून मोकळं व्हायचं, हे त्या संस्थांना तोवर ठरवावं लागेल.