वीतभर नळीवर गावाचे आरोग्य

तळेगाव दाभाडेहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव वसले आहे. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या गढीमुळे त्याचे नाव इतिहासाला परिचित आहे. लोणावळ्याच्या परिसरात उगम पावलेली इंद्रायणी मावळातून इंदुरीवरून देहू-आळंदीकडे वाहते व तुळापूर येथे भीमेस मिळते. काठावरील वस्ती व कारखानदारी जसजशी वाढली, तसतसे या नदीचे पाणी शुद्ध केल्यावाचून पिण्याजोगे राहिले नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे या मज्जाविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा पाण्यातील क्लोरिनच्या प्रमाणाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. हे प्रमाण राखण्याचे काम अनेक नळयोजनांत एक छोटासा पंप करतो आणि त्या पंपाची सारी भिस्त एका रबरी नळीवर असते.

पंपाचे कार्य

घास गिळल्यावर अन्ननलिका त्यास आकुंचनाने पुढे ढकलते. या पंपाचे तत्त्व तेच होय. अर्धवर्तुळाकार बसविलेल्या लवचीक नळीवरून फिरते रोलर दाब देत जातात आणि नळीतील द्रावण ठरावीक मात्रेने पुढे सरकते. रक्तशुद्धीकरणाच्या डायलिसिस यंत्रातही असाच पंप असतो. द्रावणाचा स्पर्श केवळ नळीला होत असल्याने यंत्राचे इतर भाग गंजत नाहीत. शिवाय सोडियम हायपोक्लोराइटमधून सुटणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांनी पंप सहसा अडत नाही.

मात्र लक्षावधी वेळा दाबली गेल्यावर नळीची लवचीकता ओसरते. चक्र फिरत राहते, आवाजही नेहमीचाच येतो. परंतु मात्रा घटलेली असते. समजा, एखाद्या गावास दररोज १ लाख लिटर पाणी लागते व दर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरिन द्यावयाचा आहे. म्हणजे २०० ग्रॅम क्लोरिन हवा. लिटरमागे १०० ग्रॅम क्लोरिन असलेले द्रावण त्यासाठी २ लिटर लागेल. थकलेल्या नळीने १ लिटरच दिले, तर तेवढा क्लोरिन पाण्यातील अशुद्धी शमविण्यातच खर्च होऊन शेवटच्या नळापर्यंत काहीच न पोहोचण्याचा संभव असतो.

नळी बदलताना

नळी फुटण्याची वाट पाहू नये. उत्पादकाने सांगितलेले तास भरताच, अथवा ती चपटी, कडक वा भेगाळलेली दिसताच बदलावी. हातमोजे व चष्मा घालून प्रथम पंपातून स्वच्छ पाणी फिरवावे. नंतर वीजपुरवठा बंद करून मुख्य जलवाहिनीकडील झडप मिटावी व नळीतील दाब मोकळा करावा. झाकण काढून जुनी नळी कोणत्या बाजूने आत जाते व कोठून बाहेर येते, हे पाहून ठेवावे. चक्र हाताने हळूहळू फिरवीत ती सोडवावी. रोलर ओल्या फडक्याने पुसावेत व ते मोकळे फिरतात याची खात्री करावी.

नवी नळी त्याच मापाची, त्याच जाडीची व हायपोक्लोराइटला टिकणाऱ्या पदार्थाची असावी. बाजारातील कोणतीही रबरी नळी चालत नाही. ती पीळ न पडता, न ताणता बसवावी. उत्पादकाने सांगितले असेल तरच वंगण लावावे. झाकण लावून प्रथम साध्या पाण्यावर पंप चालवावा, गळती पाहावी आणि मोजपात्रात एका मिनिटाची मात्रा मोजावी.

नित्याची देखभाल

टीसीएल पावडर वापरावयाची असल्यास द्रावण निवळू देऊन वरचे स्वच्छ पाणीच घ्यावे. गाळाने जाळी तुंबते. क्षार साचून जलवाहिनीकडील तोंड बुजते, तेही वरचेवर साफ करावे. सफाईसाठी आम्ल वापरल्यास हायपोक्लोराइट आधी पूर्ण धुऊन काढावे. दोहोंच्या मिश्रणातून विषारी क्लोरिन वायू निघतो. हायपोक्लोराइट उन्हाने व उष्णतेने निकस होते, म्हणून ते सावलीत ठेवावे. मुख्य पंप बंद होताच हा पंपही बंद पडेल, अशी वीजजोडणी असावी.

पंप नीट चालला की नाही, याचा निवाडा अखेर शेवटच्या नळावर होतो. क्लोरिन मिसळल्यावर किमान अर्धा तास जाऊ द्यावा. त्यानंतर ओ.टी. चाचणीत पिवळा रंग येऊन दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन दिसला पाहिजे. चाचणीचे पाणी पिऊ नये, ओतून द्यावे. शाळा गावाच्या टोकास असेल, तर शिक्षकांनी तेथील नळावर ही चाचणी विद्यार्थ्यांसमोर करून दाखवावी.

ग्रामपंचायतीने दोन सुट्या नळ्या सदैव शिलकीत ठेवाव्यात. नळी बदलल्याची तारीख, चाललेले तास व मोजलेली मात्रा जलसुरक्षकाने नोंदवहीत लिहावी आणि मासिक सभेत ती वही सदस्यांनी पाहावी. एका नळीचा खर्च योजनेच्या वीजबिलापुढे किरकोळ आहे. ती वेळेवर न बदलल्याची किंमत मात्र घरोघरच्या आजारपणातून मोजावी लागते.