पुस्तकाची भाषा आणि वाचकाची कसोटी : मराठीतील विद्याशाखीय ग्रंथांचा विचार

सारांश

पदवी स्तरावरील विविध विषयांचे ग्रंथ मराठीतून निर्माण करण्याचे प्रयत्न सुमारे दोनशे वर्षे होत आले आहेत. या ग्रंथांच्या मर्यादित वापराचे कारण बहुधा परिभाषेच्या काठिण्यात शोधले जाते. प्रस्तुत लेखात हे निदान अपुरे असल्याचे प्रतिपादन केले आहे. पारिभाषिक संज्ञेपेक्षा परिचित शब्दांचा विशिष्ट शास्त्रीय अर्थ आणि वाक्यरचनेतील गुंतागुंत हे अधिक मोठे अडथळे आहेत. ते दूर करावयाचे तर प्रकाशनापूर्वी ग्रंथाची वर्गात पारख होणे अगत्याचे आहे.

प्रस्तावना

शीवहून निघून चुनाभट्टी, चेंबूर, देवनार या मार्गाने मानखुर्दकडे जाणाऱ्या वि. ना. पुरव मार्गाच्या परिसरात विद्याव्यवहाराशी संबंधित अनेक संस्था आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन चुनाभट्टीजवळ आहे. १९३६ मध्ये स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ मध्ये देवनार येथे आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये सुरू झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पुढे मानखुर्द येथे स्वतःच्या वास्तूत गेले. या संस्थांच्या मध्यभागी असलेल्या चेंबूरमध्ये कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांची महाविद्यालये आहेत.

या परिसरातील वर्गात मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांतून शालेय शिक्षण घेतलेले विद्यार्थी एकत्र बसतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला प्रथम वर्षी दोन प्रकारची पुस्तके भेटतात. इंग्रजी पुस्तकातील विषय प्रमाण असतो, पण भाषा परकी असते. मराठी पुस्तकाची भाषा स्वतःची म्हणून हाती येते; परंतु दोन परिच्छेद वाचल्यावर तीही परकीच भासते. अखेरीस तो मार्गदर्शक पुस्तिकेकडे वळतो आणि मूळ ग्रंथ कपाटात राहतो. अध्यापकांना ही परिस्थिती नित्य परिचयाची आहे. मराठीतील ग्रंथ मराठी विद्यार्थ्याला का उमगू नये, हा या लेखाचा प्रश्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठीतून आधुनिक विद्यांची पुस्तके लिहिण्यास मुंबईतच आरंभ झाला. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीच्या प्रयत्नांतून मराठीत पाठ्यपुस्तके निघू लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताचे ग्रंथ मराठीत आणले. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी व्याकरण, भूगोल, इतिहास अशा विषयांबरोबर शून्यलब्धि या गणितशाखेवरही लेखन केले. ज्या काळात मराठी गद्याचे वळणच घडत होते, त्या काळातील हे धाडस होते.

याहून बोधप्रद उदाहरण वैद्यकशास्त्राचे आहे. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८६१ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकविणारे वर्ग सुरू झाले. तेथील मराठी वर्गासाठी डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या अध्यापकांनी मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिले. येथे लेखक हाच शिक्षक होता आणि वाचक त्याच्या समोर बसलेला होता. कोणता शब्द पोचला आणि कोणता नाही, याचा पडताळा त्याला दुसऱ्याच दिवशी मिळत असे. पुढे वैद्यकशिक्षणाचे माध्यम इंग्रजी झाले आणि त्या ग्रंथांचा वाचकवर्ग नाहीसा झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात हे कार्य शासकीय पातळीवर हाती घेण्यात आले. राज्यस्थापनेच्या वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि पुढे त्याने अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले. त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन होऊन मराठी विश्वकोशाच्या कार्याचा पाया घातला गेला. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर केंद्र शासनाने विद्यापीठीय ग्रंथांसाठी राज्यांना अनुदान दिले. या योजनेतून महाराष्ट्रात नागपूर येथे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ स्थापन झाले. विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांतील त्याचे ग्रंथ आजही जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आढळतात. त्यांमागील विद्वत्ता आणि परिश्रम यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ग्रंथ लिहिणारा, परीक्षण करणारा आणि मान्यता देणारा हे तिघेही तज्ज्ञ होते. ज्याच्यासाठी ग्रंथ लिहिला जात होता, त्या विद्यार्थ्याला या साखळीत स्थान नव्हते.

मानखुर्दचा प्रयोग

या उणिवेकडे विज्ञान शिक्षणाच्या क्षेत्रात प्रथम गांभीर्याने पाहिले गेले. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत आणि मुंबईतील महापालिका शाळांत कार्य केले. विज्ञानात मागे पडणाऱ्या मुलांची अडचण आकलनशक्तीची नसून पुष्कळ अंशी पुस्तकातील भाषेची आहे, असे त्यांच्या लक्षात आले. ही मुले मराठीच बोलत होती. परंतु पुस्तकातील संस्कृतप्रचुर मराठी त्यांच्या घरात कोणी बोलत नव्हते.

या निरीक्षणाची त्यांनी रीतसर चाचणी घेतली. विज्ञानाच्या पुस्तकातील आशय कायम ठेवून केवळ भाषा सुगम करण्यात आली आणि असे साहित्य वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रगती इतरांच्या प्रगतीशी ताडून पाहण्यात आली. सुगम भाषेतील साहित्य वापरणाऱ्यांची संपादणूक सरस ठरली. कुलकर्णी व गंभीर यांनी १९८१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी जयश्री रामदास यांच्या नेतृत्वाखाली तयार केलेल्या विज्ञान पुस्तकमालेतही वर्गातील प्रत्यक्ष वापरातून मजकूर घडविण्याची हीच पद्धत अवलंबिण्यात आली.

हा प्रयोग शालेय स्तरावरील होता. परंतु त्यातून मिळणारी दृष्टी पदवी स्तरालाही लागू पडते. कारण महाविद्यालयात येणारा विद्यार्थी त्याच शाळांतून आलेला असतो आणि पदवीच्या पुस्तकाची भाषा शालेय पुस्तकाहून अधिकच दूरची असते.

अडथळ्यांचे तीन प्रकार

शास्त्रीय मजकुरातील भाषिक अडथळ्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार पारिभाषिक संज्ञेचा. ‘परासरण’ हा शब्द प्रथम ऐकणाऱ्यास काहीच सांगत नाही. तथापि लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते, हे त्याने घरी पाहिलेले असते. फोडीच्या पेशीतील पाणी पातळ पटलातून बाहेरच्या अधिक खारट द्रावणाकडे जाते, एवढे सांगून या क्रियेला परासरण म्हणतात असे म्हटले की संज्ञा कायमची लक्षात राहते. नवखा शब्द कोरा असतो. त्यावर जो अर्थ लिहावा तो उमटतो. अडचण येते ती दोन पुस्तकांत दोन संज्ञा आल्याने. याच क्रियेसाठी मराठी विश्वकोशात ‘तर्षण’ आणि शालेय पुस्तकांत ‘परासरण’ असे शब्द आढळतात. संज्ञा कठीण असल्याने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान ती अस्थिर असल्याने होते.

दुसरा प्रकार परिचित शब्दांचा आहे आणि तो अधिक फसवा आहे. बल, शक्ती, ऊर्जा हे शब्द व्यवहारात जवळजवळ समानार्थी आहेत. भौतिकशास्त्रात मात्र त्या तीन भिन्न राशी आहेत. ‘कार्य’ म्हणजे काम, समारंभ, घरातील लग्नमुंजदेखील. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने डोक्यावर ओझे घेऊन फलाटावर निश्चल उभा असलेला हमाल त्या ओझ्यावर काहीच कार्य करीत नाही, कारण विस्थापन शून्य आहे. सामाजिक शास्त्रांतही हीच गत आहे. समाजशास्त्रातील ‘भूमिका’ म्हणजे एखाद्या स्थानाशी निगडित अपेक्षित वर्तन. वर्तमानपत्रातील ‘भूमिका’ म्हणजे एखाद्या प्रश्नावरील मत. अर्थशास्त्रातील ‘मूल्य’ आणि नीतिशास्त्रातील ‘मूल्य’ यांचेही असेच आहे. अनोळखी शब्दापाशी विद्यार्थी थांबतो आणि अर्थ विचारतो. ओळखीच्या शब्दापाशी तो थांबत नाही आणि चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. परिभाषा कोशाचा येथे फारसा उपयोग होत नाही, कारण हा शब्द कोशात पाहावा असे त्याला वाटतच नाही.

तिसरा प्रकार वाक्यरचनेचा. उदाहरणादाखल पुढील वाक्य घेता येईल : ‘सामाजिक गतिशीलतेच्या प्रक्रियेतील शिक्षणाच्या भूमिकेचे निर्धारण करणाऱ्या घटकांच्या परस्परसंबंधांचे विश्लेषण अनिवार्य ठरते.’ यातील प्रत्येक शब्द मराठी आहे. परंतु नामामागे नाम रचले गेल्याने कोण काय करतो हे शोधावे लागते. इंग्रजी वाक्याचा सांगाडा कायम ठेवून केलेल्या अनुवादात असा मजकूर विशेष आढळतो. हाच आशय पुढीलप्रमाणे मांडता येईल : ‘शिक्षण घेतल्याने व्यक्तीचे समाजातील स्थान बदलते का? ते कोणत्या परिस्थितीत बदलते आणि कोणत्या परिस्थितीत बदलत नाही? हे समजण्यासाठी जात, लिंग, उत्पन्न व निवासस्थान हे घटक एकमेकांवर कसा परिणाम करतात ते पाहावे लागते. या बदलास सामाजिक गतिशीलता म्हणतात.’ मजकूर वाढला, पण संज्ञा गळली नाही आणि विचारही उथळ झाला नाही. उलट ‘घटक’ या एका शब्दाआड दडलेले तपशील उघड झाले.

वाक्यांना जोडणारे शब्दही याच प्रकारात मोडतात. ‘तथापि’, ‘अन्यथा’, ‘परिणामतः’, ‘जोपर्यंत… तोपर्यंत’ हे शब्द युक्तिवादाचे सांधे आहेत. ऑस्ट्रेलियातील पी. एल. गार्डनर यांनी १९७० च्या दशकात इंग्रजीतील अशा संयोजक शब्दांचा अभ्यास केला. विज्ञान शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना हे शब्दच नीट उमगत नसल्याचे त्यांना आढळले. मातृभाषेतून शिकणाऱ्यांनाही ही अडचण येते, हा त्यातील महत्त्वाचा धडा आहे.

सद्यःस्थिती आणि अध्यापकाचे स्थान

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय भाषांतील उच्च शिक्षणाला नव्याने चालना मिळाली. २०२१ पासून काही महाविद्यालयांत अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्यास मान्यता मिळाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२४ मध्ये ‘अस्मिता’ हा प्रकल्प जाहीर केला. २२ भारतीय भाषांत पाच वर्षांत २२ हजार पुस्तके सिद्ध करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. यंत्रानुवादाची साधने उपलब्ध झाल्याने हा वेग अशक्यप्राय राहिलेला नाही. तथापि यंत्रानुवादात मूळ इंग्रजी वाक्याची रचना जशीच्या तशी उतरण्याचा, म्हणजेच तिसऱ्या प्रकारच्या अडथळ्याचा, धोका अधिक आहे. संख्या गाठली गेली आणि वाचक मिळाला नाही, तर मराठीतून उच्च शिक्षण अशक्य असल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला जाईल आणि दोष भाषेच्या माथी मारला जाईल.

यात अध्यापकाचे स्थान कळीचे आहे. परंतु त्याच्या परिश्रमाला मिळणारे मोल पाहणेही आवश्यक आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील गुणांकनात संपूर्ण ग्रंथाच्या अनुवादासाठी ८ गुण ठरविण्यात आले, तर मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांतील एका शोधनिबंधासाठी १०. दोन-तीन वर्षांच्या श्रमाचे मोल एका निबंधाहून कमी असेल, तर अनुवाद घाईने उरकला जाणे किंवा मुळात हाती न घेतला जाणे स्वाभाविक आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या विनियमांच्या मसुद्यात भारतीय भाषांतील अध्यापनविषयक योगदानाचा उल्लेखनीय योगदानांत समावेश करण्यात आला, ही बाब स्वागतार्ह होय.

वर्गातील पारख

ग्रंथाची वाचकाकडून पारख करण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. लेखकाने वा अनुवादकाने एक प्रकरण झेरॉक्स करून वर्गात वाचावयास द्यावे. विद्यार्थ्यांनी जेथे वाचन अडखळले तेथे खूण करावी आणि प्रत्येक परिच्छेदाचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहावा. खुणांमुळे पहिल्या व तिसऱ्या प्रकारचे अडथळे सापडतात. दुसऱ्या प्रकारचे अडथळे मात्र विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या आशयातूनच उघड होतात, कारण तेथे त्याला आपण चुकलो हे ठाऊक नसते. त्यानुसार मजकूर पुन्हा लिहून तो दुसऱ्या तुकडीला द्यावा. संज्ञा शासकीय परिभाषा कोशातून घ्याव्यात, त्या ग्रंथभर एकच ठेवाव्यात आणि पुढील अभ्यासासाठी त्यांचे इंग्रजी पर्याय अखेरच्या सूचीत द्यावेत.

सुलभीकरणाने विषयाची पातळी खालावते, असा आक्षेप घेतला जातो. संकल्पना गाळून सोपेपणा आणला तर तो आक्षेप योग्यच ठरेल. येथे अभिप्रेत असलेले सुगमीकरण वेगळे आहे. त्यात संकल्पना, पुरावा आणि युक्तिवाद यांपैकी काहीही कमी होत नाही. केवळ वाक्याची गाठ सोडविली जाते. ती सोडविण्यासाठी लेखकाला विषय अधिक नेमकेपणाने समजून घ्यावा लागतो.

समारोप

मराठीत विद्याशाखीय ग्रंथ लिहिण्याचे सामर्थ्य आहे की नाही, हा प्रश्न जर्व्हिस-जांभेकरांच्या काळातच निकालात निघाला. परिभाषेचा प्रश्नही गेल्या सहा दशकांतील कोशकार्याने बऱ्याच अंशी सोडविला आहे. शिल्लक राहिलेले काम वाक्याचे आहे आणि ते कोणत्याही मंडळाला मुख्यालयात बसून करता येण्यासारखे नाही. ग्रंथाचा वाचक जेथे प्रत्यक्ष भेटतो, त्या महाविद्यालयाच्या वर्गातच ते होऊ शकते. अभ्यास मंडळांनी मराठी संदर्भग्रंथास मान्यता देताना लेखकाची पात्रता आणि तज्ज्ञांचे अभिप्राय यांबरोबर वर्गातील पारखीचा वृत्तांतही मागविला, तर ग्रंथ ज्याच्यासाठी लिहिला जातो त्या विद्यार्थ्याला निर्मितीच्या साखळीत प्रथमच स्थान मिळेल.