नमुनादर वाढविण्याने काय साधते?

बोलींच्या अभ्यासात निरनिराळ्या नमुनादरांची ध्वनिमुद्रणे एकत्र तपासण्याचा प्रसंग वारंवार येतो. पारंपरिक दूरध्वनीवरील संभाषणात सेकंदाला ८,००० नमुने असतात. प्रत्यक्ष क्षेत्रकार्यातील मुद्रणात बहुधा ४४,१०० किंवा ४८,०००. अशा वेळी ‘प्रात’सारख्या विश्लेषण-प्रणालीत कमी दराच्या मुद्रणाचा दर वाढवून दोहोंची तुलना करण्याचा मोह होतो. या क्रियेने नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे ध्यानात न घेतल्यास निष्कर्षच सदोष ठरण्याचा संभव असतो.

ध्वनितरंगाचे मूल्य ठरावीक अंतराने मोजणे म्हणजे नमुने घेणे. हॅरी नायक्विस्ट (१९२८) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या निबंधांनी प्रस्थापित झालेला सिद्धांत असा की, नमुन्यांतून तरंगाची पुनर्रचना होते खरी, परंतु ती नमुनादराच्या निम्म्याहून कमी वारंवारतेच्या घटकांपुरतीच. दर ८,००० असेल, तर ४,००० हर्ट्झच्या वरचा भाग मुद्रणात उतरतच नाही.

दर ८,००० वरून ४८,००० करताना प्रत्येक दोन नमुन्यांमध्ये पाच नवी मूल्ये बसवावी लागतात. ही मूल्ये नव्याने मोजलेली नसतात. आजूबाजूच्या नमुन्यांवरून ती गणिताने काढलेली असतात. या क्रियेस अंतर्वेशन म्हणतात. ‘प्रात’मधील ‘रिसॅम्पल’ ही आज्ञा त्यासाठी सामान्यतः दोन्ही बाजूंचे पन्नास-पन्नास नमुने विचारात घेते. त्यामुळे वक्ररेषा अधिक दाट बिंदूंनी रेखाटली जाते. तथापि ४,००० हर्ट्झच्या वरचा प्रदेश पूर्वीप्रमाणेच रिता राहतो.

मराठीच्या अभ्यासकास ही मर्यादा विशेष जाणवणारी आहे. ‘चार’ या संख्यावाचकातील तालव्य ‘च’ आणि ‘चारा’ या शब्दातील दंततालव्य ‘च’ यांचा भेद बऱ्याच अंशी त्यांतील घर्षणध्वनीवर अवलंबून असतो. तालव्य घर्षणाची पुष्कळशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या खाली येते; दंततालव्याची मुख्यतः तिच्या वर असते. दूरध्वनीवरील मुद्रणात हा दुसरा घर्षणध्वनी बराचसा गळून गेलेला असतो. पुढे दर कितीही वाढविला, तरी तो परत येत नाही. फाइलवर ४८,००० हा आकडा पाहून अभ्यासक ते मुद्रण पूर्ण समजला, तर वक्त्याच्या बोलीत हा भेद लोपला आहे, असा निष्कर्ष निघेल. वस्तुतः भेद लोपलेला असतो तो मुद्रणात, बोलीत नव्हे.

स्वरांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. फॉर्मंट शोधताना ‘प्रात’ची रूढ कमाल मर्यादा ५,५०० हर्ट्झ असते आणि तेवढ्या पट्ट्यात पाच फॉर्मंट शोधले जातात. दर वाढविलेल्या मुद्रणात ४,००० ते ५,५०० हा पट्टा रिकामा असल्याने तेथे किंवा त्याच्या सीमेवर आभासी फॉर्मंट दिसू शकतात. म्हणून मर्यादा मूळ दरास अनुसरून खाली आणावी आणि फॉर्मंटांची अपेक्षित संख्याही त्या प्रमाणात कमी करावी.

आणखी एक घोटाळा टाळावयास हवा. ‘ओव्हरराइड सॅम्पलिंग फ्रीक्वेन्सी’ ही आज्ञा अंतर्वेशन करीत नाही; ती केवळ दराचा आकडा बदलते. ८,००० च्या जागी १६,००० लिहिल्यास मुद्रणाचा कालावधी निम्मा होतो आणि १२० हर्ट्झचा मूलस्वर २४० हर्ट्झचा भासतो. चुकीचा नोंदला गेलेला दर दुरुस्त करावयाचा असेल तेव्हाच तिचा उपयोग.

मग दर वाढविणे निरर्थक आहे काय? तसे नाही. दोन मुद्रणे जोडण्यासाठी त्यांचे दर समान असावे लागतात; तेथे ही क्रिया उपयुक्तच आहे. परंतु तुलना करावयाची असेल, तर उलट मार्ग श्रेयस्कर होय: वरच्या दराचे मुद्रण खालच्या दरावर आणावे, म्हणजे दोहोंवर सारखीच मर्यादा येते. आणि कोणत्याही मोजमापाबरोबर मुद्रणाचा मूळ नमुनादर नोंदविण्यास विसरू नये. वाढविलेल्या दरावरून तो ओळखता येत नाही.