कमी किंमत सांगा, पण घराला नावे ठेवू नका

जुने घर विकत घेताना घासाघीस सगळेच करतात. मात्र कमी आकडा कोणत्या आधारावर सांगायचा आणि कोणत्या शब्दांत, हे ठाऊक नसल्याने हातचे घर जाते. कधी उलटही होते. स्वस्तात मिळालेले घर पुढे फार महाग पडते.

तंजावूरच्या राजवाड्याभोवती चार दिशांना चार राजवीथ्या आहेत. त्यांच्या आतबाहेरच्या गल्ल्यांत जुनी घरे अजून उभी आहेत. पुढे ओटा, आत चौक, लाकडी खांब आणि चुन्याच्या जाड भिंती. व्यंकोजीराजांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींच्या घरात आजही मराठी बोलली जाते.

समजा, चेन्नईत नोकरी करणाऱ्या एका तंजावूरकर मराठी तरुणाला आईवडिलांसाठी इथे घर घ्यायचे आहे. ओट्यावर बसलेले वृद्ध मालक ६० लाख सांगतात. तरुण छताकडे पाहून नाक मुरडतो. "मामा, या पडक्या घराचे चाळीस तरी कोण देईल?" मामा काही बोलत नाहीत. आतून कॉफी येते, ती पिऊन होते आणि बोलणे तिथेच संपते. दोन महिन्यांनी तेच घर दुसऱ्या कुणाला ५४ लाखांना जाते. तरुणाची ऐपत तेवढी होती, पण त्याच्यासाठी ते दार बंद झाले होते.

त्याने कमी किंमत सांगितली यात काही गैर नव्हते. ज्या घरात मामांचे वडील गेले, मुलींची लग्ने झाली, त्या घराला तो 'पडके' म्हणाला आणि चाळीसच का, याचे एकही कारण त्याने दिले नाही.

पहिल्या आकड्याची भुरळ

मालकाने सांगितलेला आकडा आपल्या मनात घर करून बसतो. अमेरिकेत टूसॉन शहरात नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकच घर वेगवेगळ्या लोकांना दाखवले आणि प्रत्येकाला मागणीची किंमत वेगवेगळी सांगितली. ज्यांना मोठा आकडा सांगितला त्यांनी घराचे मोलही जास्त ठरवले. घरांच्या व्यवहारात मुरलेले दलालसुद्धा याला अपवाद नव्हते.

म्हणून ६० ऐकल्यावर लगेच ५० म्हणू नये. "घर आवडले, कागद पाहून आणि गवंड्याला दाखवून चार दिवसांत सांगतो," एवढेच म्हणावे. त्याच गल्लीत अलीकडे कोणते घर कितीला गेले ते विचारावे. आपला आकडा या चौकशीतून निघाला पाहिजे.

सवलत कशाची मागावी?

एक, दुरुस्तीची. या घरांत बऱ्याच ठिकाणी लाकडी तुळयांवर उभ्या विटा चुन्यात बसवून केलेली गच्ची असते. तिला मद्रास टेरेस म्हणतात. तुळयांना वाळवी लागली आहे का, पाणी कुठे मुरते, हे सुताराला आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याला दाखवावे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आत कोंडून राहते. खर्चाचा अंदाज कागदावर लिहून घ्यावा. तो कागद मालकासमोर ठेवला की घासाघीस उरत नाही, हिशोब होतो.

दोन, मालकीतल्या अडचणींची. मूळ दस्त, पट्टा आणि ज्याला तमिळमध्ये 'विल्लंग' दाखला म्हणतात तो बोजाचा दाखला पाहावा. वडिलोपार्जित घर असेल तर सगळे वारस मोजावे. तमिळनाडूने १९८९ मध्ये त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना अशा मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला. तेव्हा भाऊ विकायला तयार आहे, पण मुंबईला दिलेल्या बहिणीची सही नाही, अशा घराला पाच लाख कमी करून घेण्यात शहाणपण नाही. आधी सही, मग किंमत. घर देवस्थानाच्या किंवा छत्रमच्या जमिनीवर असेल तर आपण फक्त बांधकाम घेतो आहोत की जमीनही, हे वकिलाकडून कळल्याशिवाय आकडाच सांगू नये.

मालकीचा घोळ किती खोल जातो हे खुद्द राजवाड्याने पाहिले आहे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्र नसताना वारले. कंपनी सरकारने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि तिथे जिंकल्या. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हे सार्वभौम सत्तेचे कृत्य ठरवून कोर्टाला त्यात हात घालता येत नाही असा निकाल दिला. १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता परत केली, तीही मेहेरबानी म्हणून. पुढे वारसांमध्येही दावे चालले. राजाच्या घराची ही कथा, तर आपल्या घराचे कागद दोनदा वाचलेले बरे.

तीन, बांधकामावरच्या बंधनांची. बृहदीश्वर मंदिर केंद्राचे संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायद्यानुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. वर मजला चढवायच्या बेताने घर घेत असाल तर मंदिराच्या बाजूच्या घराला हा फरक लावूनच किंमत सांगा.

फार खाली गेलात तर

महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात तसे तमिळनाडूत सरकारचे मार्गदर्शक मूल्य असते. एप्रिल २०२३ पासून विक्रीखताला मुद्रांक ७ टक्के आणि नोंदणी २ टक्के असा दर आहे. ५४ लाखांच्या घराला ४ लाख ८६ हजार झाले. ही रक्कम आधीच बाजूला ठेवावी. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात विकणाऱ्याला देण्याच्या रकमेतून १ टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारीही घेणाऱ्याची असते.

आता समजा मार्गदर्शक मूल्य ५० लाख आहे आणि घासाघीस करून घर ४२ लाखांना मिळाले. मुद्रांक ५० लाखांवरच मागितला जातो. शिवाय फरक किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त असल्याने मधले ८ लाख घेणाऱ्याचे उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो.

"कागदावर कमी दाखवू, बाकीचे रोख द्या," असे कुणी सुचवले तर उठून यावे. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. वर घेणाऱ्याने दिलेल्या रोख रकमेला पुराव्याचा कागदही राहत नाही.

गरजेचा फायदा

विकणारा अडचणीत असेल तर किंमत पडते, हे याच भूमीने पाहिले आहे. तंजावूरचे शाहूजीराजे गादीच्या भांडणात पैशाच्या ओढीत होते. त्या वेळी, १७३८ मध्ये, पाँडिचेरीच्या फ्रेंच गव्हर्नर द्युमाने त्यांच्याशी कारैकालचा सौदा केला. १७३९ च्या फेब्रुवारीत फ्रेंचांनी ताबा घेतला.

आपण राज्य घेत नाही, शेजार घेतो. दवाखान्याच्या बिलापायी घर विकणाऱ्याला आणखी दाबले तर तो कदाचित होकार देईलही. पण त्याचा भाऊ, पुतण्या, बहीण हे विसरत नाहीत. सहीच्या दिवशी एखादा आलाच नाही तर इसार दिलेला, घर मात्र नाही, अशी गत होते. अशा मालकाला किमतीत नाही, तर सोयीत काही देता येते. लवकर रक्कम द्यावी, घर रिकामे करायला दोन महिने जास्त द्यावे, देव्हारा किंवा झोपाळा खुशाल नेऊ द्यावा. पुष्कळदा याच सोयींमुळे मालक एखादा लाख सोडतो.

तोच तरुण पुन्हा ओट्यावर बसला असता तर त्याने असे म्हणायला हवे होते: "मामा, घर फार नीट राखले आहे तुम्ही. गवंड्याने गच्ची आणि तुळयांचे सहा लाख सांगितले आहेत, हा कागद. ताईंची सही व्हायला वेळ जाईल, तोवर मी थांबतो. मी ५२ देऊ शकतो. पंधरा दिवस विचार करा."

मामा कदाचित ५६ म्हणाले असते. मग दोघे ५४ वर आले असते आणि कॉफी दुसऱ्यांदा आली असती.